पाणवठ्यावरचं हॉटेल

मंगळवार, चैत्र, सन २००३

सकाळी महादेवाला पाणी घालून मी तसाच धरणाच्या काठाला गेलो. तिथे बोटिंगचं हॉटेल होणार आहे, हॉटेलवाल्यांनी कुंपणासाठी चुन्याची रेघ मारली आहे. गावाच्या काठाला कातळाचा उतार तेवढा एकच, तो रेघेच्या आत गेला. बाकी सगळा गाळ. मेंढरू पाण्याला उतरलं की पोटापर्यंत रुततं.

भिवा धनगर कळप पाजत उभा होता. म्हणाला, "सरपंच, आता मेंढरास्नी बोटीचं तिकीट काढावं लागंल का वो?"

हसलो. ते हसणं दिवसभर बोचत राहिलं.

संध्याकाळी मेव्हणे आले. जमीन त्यांचीच, हॉटेलला विकलेली. "दाजी, तुमच्या ना हरकत दाखल्यावाचून वरची परवानगी अडलीय. चार मेंढरांपायी गावातल्या पोरांच्या नोकऱ्या घालवता व्हय?"

नोकऱ्या लागतील, हे खरं. ग्रामसभेनेही सगळं माझ्यावर सोडलंय. पण तो उतार... उन्हाळ्यात भिवाने कळप न्यायचा कुठे? हॉटेलचा नकाशा पाहताना मला तरी हे कुठे सुचलं होतं?

देवापुढे बसलो, तरी मन लागेना. शेवटी उठलो आणि दाखल्यावर लिहिलं, 'कातळाचा उतार व तिथवरची वाट कुंपणाबाहेर ठेवल्यासच हरकत नाही.' मेव्हणे वाचून चहा न घेताच गेले. भावाला असं पाठवलं म्हणून बायको बोलत नाही.

तरी सही केली, शिक्का मारला आणि दाखला ग्रामसेवकाच्या हातात देऊन आलो.