म्हाळूचं नाव आणि हॉटेल मैत्रीचा फळा

मी, माणिकराव तुळशीराम ओव्हाळ, वय ६९, धंदा हॉटेल, राहणार गेवराई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे. कोणाचा दाब नाही, कोणाची फूस नाही. दारू मी आयुष्यात घेतली नाही, तेव्हा नशेत लिहिलं असंही उद्या कोणी म्हणू नये. हृदयाची झडप निकामी झाली आहे आणि या वयात ऑपरेशन नको असं डॉक्टर म्हणाले, म्हणून ही घाई. याआधी मी कसलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. गेवराईतलं राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. माझी पत्नी सिंधुबाई हयात नाही. घर मुलगी पंचशीला हिला द्यावं. मुलगा समाधान याला वाईट वाटेल. पण आईच्या आजारपणात बिनपगारी रजा टाकून उशाशी बसली ती पंचशीला. समाधान रविवारचा पाहुणा होता. शिवाय हॉटेल मैत्री, जागा आणि परवान्यासह, त्याला मिळतंच आहे.

कलम २. बँकेतली ठेव दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. किती आहे ते बँक सांगेल.

कलम ३. स्वयंपाकघरातली काठवट, लोखंडी तवे आणि मोठी पातेली केशरबाईंना द्यावीत. बावीस वर्षं त्यांनी भाकरी थापली आणि मी गल्ल्यावर बसून "जेवण कसं काय" एवढंच विचारत आलो. त्यांनी एकदा जे सांगितलं ते मी ऐकलं नाही. ते खाली येईल.

कलम ४. समोरच्या ढाब्याचे मालक पंडित यांना मी काहीही देत नाही. 'गावरान' अशी हातभर पाटी लावून बर्फातली कोंबडी विकणारा हा माणूस माझ्या फळ्याला हसायचा. हे कलम मी दात खाऊन लिहायला घेतलं होतं. पुढचं कलम लिहून झाल्यावर परत इथं आलो आणि हात आखडला. पंडितची पाटी खोटी होती, पण तिच्यावर कोणाचं नाव नव्हतं.

कलम ५. हॉटेलच्या दारातला फळा. तो एका बंद पडलेल्या शाळेतून आणला आहे. १९९८ साली मी वसतिगृहातली स्वयंपाक्याची नोकरी सोडून हॉटेल उघडलं. तेव्हा गिऱ्हाईक दारापर्यंत यायचं, मालक कोण ते विचारायचं आणि आडनाव ऐकून "येतो परत" म्हणून जायचं. सिंधुबाई एकदा चिडून म्हणाली, "आपलं नाव चालत न्हाई, तर ज्यांचं चालतंय त्यांचं लिवा की." तिनं रागानं म्हटलं आणि मी खरंच लिहिलं. रोज सकाळी खडूनं: आजची ज्वारी कोणाच्या रानातली, सीताफळं धारूरच्या आश्रुबाची, बोकड तलवाड्याच्या म्हाळूचं. ज्याला शंका असेल त्यानं जाऊन बघावं. माणसं फळा वाचून आत यायला लागली. पुढं लांबच्या गाड्याही थांबल्या, फळ्याचे फोटो निघाले. तेव्हा हे नीट लिहून ठेवतो, की माझं हॉटेल दुसऱ्यांच्या नावांवर उभं राहिलं आणि त्यात सगळ्यात मोठं नाव म्हाळूचं होतं.

म्हाळूची साठ शेळ्या-मेंढरं. आजारी जनावर तो विकायचा नाही, विचारून उपयोग नसायचा. बोकड पोचवायला त्याची बायको मनकर्णा सोबत यायची. दारात बोकडाला स्वतःच्या हातानं पाला खाऊ घालायची आणि मगच दावं माझ्या हातात द्यायची.

मार्च २०१६. साखरपुड्याचं जेवण होतं, साठ माणसं, आणि ती फळ्याची ख्याती ऐकून येणारी. मी तलवाड्याला गेलो तर म्हाळू म्हणाला, "कालच जंताचं औषध पाजलंय. अंगातनं उतरंस्तोवर पंधरा दिवस न्हाई द्यायचो."

"एकदा दे. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय न."

मी चिडून परत आलो. पंडितच्या दारात बर्फातल्या कोंबडी-मटणाच्या पेट्यांचा टेम्पो उभा असायचा. त्याला हाक मी मारली, पंडितनं नाही. केशरबाईंनी पातेल्यात पळी फिरवली आणि म्हणाल्या, "दादा, ह्ये म्हाळूचं न्हाई." मी म्हटलं, मसाला वाढवा. आणि फळ्यावर रोजच्या सवयीनं लिहिलं: बोकड, म्हाळू, तलवाडा. सवयीनं नाही. मुद्दाम लिहिलं. पाहुणे तेच वाचायला आले होते.

संध्याकाळपर्यंत एकोणीस माणसं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात. सगळी वाचली. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब यायच्या आधी, दारात जमलेल्या लोकांसमोर, मी ओल्या फडक्यानं म्हाळूचं नाव पुसलं. बाकीची नावं तशीच ठेवली. तोंडानं एक शब्द बोललो नाही, आणि बोलायची गरजही पडली नाही. साहेबांनी मला दंड केला तो नंतर. लोकांनी निकाल त्या फडक्यावरच दिला.

दोन दिवसांनी म्हाळू आला. गल्ल्यासमोर उभा राहिला.

"माणिका, मी बोकड दिलतं का?"

चार टेबलं भरलेली होती. मी बडीशेपेच्या वाटीत बघत म्हटलं, "चहा घे." त्यानं चहा घेतला नाही.

त्यानंतर बाजारात त्याच्या जनावराला कोणी हात लावेना. दोन वर्षांत सगळा कळप मिळेल त्या भावानं गेला. म्हाळू पुण्याकडं एका सोसायटीत राखणीला लागला. तिथंच तीन वर्षांपूर्वी मनकर्णा वारली. मी मयतीला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो? हॉटेल मात्र जोरात चाललं. मी रोज नवी नावं लिहीत राहिलो आणि रोज त्या एका ओळीची जागा बघून हात थांबायचा.

फळा समाधानला द्यावा. अट एवढीच: माल दारात उतरताना स्वतः बघितला असेल तरच नाव लिहावं. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहावं. टेम्पोचा माल घेतला तर 'टेम्पो' लिहावं. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्यावं.

कलम ६. तलवाडा शिवारातली माझी दोन एकर जमीन विहिरीसह म्हाळू येसू देवकते याला द्यावी आणि कलम ५ समाधाननं माझ्या मागं त्याला वाचून दाखवावं.
(हे कलम खोडलं आहे. खोडल्या जागी माझी सही आहे. वकील म्हणाले, कोऱ्या कागदावर नव्यानं लिहा. मी म्हटलं, वरून रेघ ओढतो, पण पुसत नाही.)

कलम ७. कलम ६ का खोडलं ते असं. म्हाळू आता तलवाड्याला परत आला आहे, चार शेळ्या आहेत. गेल्या मंगळवारी मी हा कागद घेऊन त्याच्याकडं गेलो. तो चौथी शिकलेला. बोट ठेवून सावकाश वाचत गेला. फडक्याच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. मग म्हणाला, "जमीन नको मला. चार शेळ्यांना रान हाय."

"मग काय देऊ?"

"तू मेल्यावर समाधान वाचणार ह्ये. मनकर्णा वाट बघून गेली. मी बी जाईन. कशापायी थांबायचं?"

मरेपर्यंत गप्प राहायची सोय म्हणूनच मी मृत्युपत्र लिहायला घेतलं होतं, हे मला त्याच्या अंगणात कळलं. मग त्यानं विचारलं, "ह्याच्यावर साक्षीदार कोन?" मी सांगितलं, एक सुंदरराव गुरुजी, दुसरा ठरायचाय. वकिलांचं म्हणणं, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष नको, पुढं वाद होतो. म्हाळू म्हणाला, "मग तर बरंच झालं. मी काय बी घेत न्हाई. सही करतो. पन हाटेलात, दुपारच्याला, समद्यांपुढं वाचून."

तेव्हा ती दोन एकर समाधान आणि पंचशीला यांनी समान वाटून घ्यावी.

आज रविवार. हॉटेलात जेवणं चालू असताना वरचं सगळं मी उभं राहून वाचलं, आणि ह्या ओळी त्यानंतर लिहितो आहे. पाचव्या कलमाशी केशरबाईंनी पाणी दिलं. एक कुटुंब ताटं अर्धी टाकून उठलं. समाधान गल्ल्यावरून उठून आत गेला तो अजून बाहेर आलेला नाही. मन हलकं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. जिनं ऐकायला हवं होतं ती मनकर्णा ऐकायला नव्हती.

वर लिहिलेलं सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करून कायम केलं.

माणिकराव तुळशीराम ओव्हाळ (सही)

साक्षीदार १. सुंदरराव भीमराव घुमरे, निवृत्त शिक्षक, गेवराई (सही)

साक्षीदार २. म्हाळू येसू देवकते, तलवाडा (सही)
सहीखाली त्यांच्या हातचं: बोकड माझं नव्हतं.

ठिकाण: हॉटेल मैत्री, गेवराई
दिनांक: १९ जानेवारी २०२५