माझी हरकत आहे

३ जानेवारी
यंदाचा संकल्प एकच. ज्युनियरची जिरवणे. इतकी वर्षं माझ्या हाताखाली घडला. स्वतंत्र ऑफिस थाटलं ते थाटलं, वर परवा कोर्टाच्या बाररूममध्ये सगळ्या वकिलांसमोर माझी नक्कल केली. चष्मा काढायचा, पुसायचा, परत लावायचा, मग म्हणायचं, ‘माझी हरकत आहे!’ सगळे हसले. चहावालासुद्धा. मी मनाला लावून घेतलेलं नाही. त्याला सोडणार मात्र नाही.

१२ जानेवारी
देव आहे! मेव्हण्याचा दावा माझ्याकडे आला. त्याच्या छापखान्याशेजारी बिल्डरने बेसमेंटसाठी खड्डा खणला आणि छापखान्याची भिंत खचली. मशिनं कलली, छपाई वाकडी येते. भरपाई मिळाली नाही तर कुलूप लावावं लागेल म्हणाला. बिचाऱ्याचा गळा दाटून आला होता. मग कळलं, बिल्डरचा वकील ज्युनियरच! माझाही गळा दाटून आला.
धोरण : तो जे मागेल त्याला हरकत. सरसकट.

९ फेब्रुवारी
त्याने पुढची तारीख मागितली. हरकत. पाणी प्यायला दोन मिनिटं मागितली. हरकत. न्यायाधीशबाईंनी पाणी मंजूर केलं. बाकी दिवस माझा.

२ मार्च
मोठी शिकार! त्याचा अर्ज : कोर्टाने तज्ज्ञ पाठवून खड्डा आणि भिंत तपासावी. चष्म्याला हात न लावता उठलो. पाऊण तास बोललो. निव्वळ वेळकाढूपणा, आमचे फोटो पुरेसे, पाहणीची गरजच नाही. अर्ज फेटाळला! तो मान खाली घालून बसला होता. खांदे हलत होते. रडत असावा.

रात्री
बायको म्हणाली, अहो, पण पाहणी आपल्याच फायद्याची नव्हती का? तिला म्हटलं, डावपेच घरबसल्या कळत नसतात. जेवण गार मिळालं.

२० मार्च
मेव्हण्याचा घाबराघुबरा फोन. खड्ड्यात काँक्रीट ओतताहेत. ताबडतोब पाहणीचा अर्ज केला. ज्युनियरने उठून माझंच भाषण वाचून दाखवलं. शब्दन् शब्द. न्यायाधीशबाई म्हणाल्या, मागे तुम्हीच नको म्हणालात, आणि आता तिथे बघायला उरलंय काय?
भाषण मात्र ऐकायला फर्मास वाटलं.

१४ सप्टेंबर
बिल्डरच्या इंजिनिअरची उलटतपासणी. फैलावर घेतला. तो म्हणे, फोटोवरून खड्ड्याची खोली कळत नाही, भिंत जुनी म्हणूनही खचली असेल. एका फोटोत तर अर्ध्या भागात मेव्हण्याचा अंगठाच आहे. तरी ओरडून ओरडून त्याला जेरीस आणलं. माझा घसा बसला.

६ डिसेंबर
दावा फेटाळला. पुरावा नाही.
बाहेर ज्युनियर आला. म्हणाला, सर, मी तो पाहणीचा अर्ज केला तेव्हा बिल्डरला दरदरून घाम फुटला होता. मंजूर झाला तर मेलोच, म्हणत होता. मी सांगितलं, सरांवर विश्वास ठेवा.
मेव्हणा माझ्या शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. म्हणाला, दाजी, चला, तुम्हाला घरी सोडतो, मला पुढे कामगारांना सांगायला जायचंय.