तिला पाणी पाज

लातूर, १२ एप्रिल १९८७

चि. रामकिशन यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. विष्णुपुरीला गोदावरीच्या पात्रात अजून पाणी आहे हे वाचून बरं वाटलं आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. लातूरचा जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली. कचेरीत आम्हा कारकुनांना नवी टेबलं आली, पण नळाला पाणी काही आलं नाही. टँकरवर हंडे घेऊन भांडायला मी आता चांगली शिकले आहे.

आबांच्या गाडीचं लिहिते. जिल्हा झाला त्या वर्षी त्यांनी ती जुनीच घेतली होती, आता तर पार थकली आहे. धोंडप्पा मिस्त्री पाहून गेला. क्लच प्लेट गेली, सेल्फ उचलत नाही, बॅटरी मेली आणि रेडिएटरची चाळण झाली आहे म्हणाला. सगळं नीट करायला जेवढे लागतील तेवढ्यात दुसरी जुनी गाडी येईल, असंही हसून म्हणाला.

पण मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गाडी महिनोन्‌महिने जागची हललेली नाही. रेडिएटर गळतो, तेव्हा तो कोरडा असायला हवा. मी सकाळी झाकण उघडून पाहते तर काठोकाठ भरलेला. खाली माती ओली. आबा रोज उठल्याबरोबर विचारायचे ना, तिला पाणी पाजलं का म्हणून? शेजारच्या भामाबाई आबांचं नाव घेऊन शपथेवर सांगतात की व्यंकटराव अजून येऊन पाणी पाजून जातात, त्यांनी स्वतः झाकणाचा आवाज ऐकला आहे. मी हसले, पण तेव्हापासून गाडीजवळून जाताना पदर सावरून घाईनेच जाते.

माय फार वाळली आहे. ओठ फुटलेत, बोलत नाही. आबांच्या तेराव्यानंतर तू एकदाही आला नाहीस. बघ जमलं तर.

तुझी, माया पातळ न झालेली,
अक्का

नांदेड, २० एप्रिल १९८७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं. कलेक्टर कचेरीतली बाई भुताला भिते हे साहेबाला कळलं तर तुझी बदली मसणवट्याच्या खात्यात होईल. मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोरांना इंजिन शिकवतो, तेव्हा माझं ऐक. गळका रेडिएटर आपोआप भरत नाही. कोणीतरी भरतं. पहाटे उठून खिडकीतून बघ.

आणि गाडी विकून टाक. मुदखेडचा एक जण सुट्या भागांसाठी जुन्या गाड्या घेतो. येईल त्या भावाला दे.

मला यायचं होतं, पण परीक्षा आहेत. खोटं कशाला लिहू, परीक्षा झाल्या तरी माझं मन होत नाही. लातूरच्या बसमध्ये बसलो की मुरुडचा रस्ता आठवतो, आणि दोनदा मी स्टँडवरूनच परत फिरलो. मायला इकडे पाठव. इथे तिला पोटभर पाणी तरी मिळेल.

तुझ्या आशीर्वादावर विसंबलेला,
रामकिशन

लातूर, ३ मे १९८७

चि. रामकिशन यास आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालास तसं खिडकीतून पाहिलं. माय होती. आपल्या वाट्याचा, उशाशी ठेवलेला पिण्याचा तांब्या घेऊन गेली, झाकण उघडलं, हळूहळू सगळा ओतला, आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. भूत परवडलं असतं रे.

परवा ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही, असंच चाललं तर हा उन्हाळा या काढणार नाहीत. मी रागावले, रडले, पाय धरले. तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

मुरुडहून आबांना दवाखान्यात आणताना गाडी तापून उभी राहिली होती. तू बॉनेट उघडत होतास. मागच्या सीटवर आबांचं डोकं मायच्या मांडीवर. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. ते काहीतरी बोलले, त्यातलं तिला शेवटचं तेवढं ऐकू आलं, पाणी पाज. ते स्वतःसाठी नेहमी पाणी दे म्हणायचे, पाज म्हणायचे ते गाडीला. म्हणून तिने पाण्याचं कॅन उचलून तुझ्या हातात दिलं, आणि तू ते सगळं रेडिएटरमध्ये ओतलंस. लातूर यायच्या आत आबा गेले.

माय म्हणते, मरणाच्या वक्ताला मानूस कसं का मागंना, त्यांनी सोतासाठी मागितलं आन म्या ते लोखंडाला पाजलं. ज्याच्या तोंडात शेवटचा थेंब पडला न्हाई त्याच्या बायकोनं पाणी प्यायचं न्हाई. घोटभर चहा-ताकावरच तगली होती ती.

तू तेव्हा खिडकीशी होतास. तुला काय ऐकू आलं ते लगेच लिही. जे असेल ते लिही, तिला बरं वाटावं म्हणून बनवू नकोस. ती ओळखेल.

अक्का

नांदेड, ११ मे १९८७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. माय वर्षभर हे घेऊन बसली आणि मी बसस्टँडवरून परत फिरत होतो.

बनवून लिहीत नाही. वाफेमुळे मी खिडकीशी सरकलो, तेव्हा आबांनी हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. घट्ट धरलं होतं, अजून रात्री उठलो की ती बोटं जाणवतात. माझ्याकडे बघून म्हणाले, राम, तिला पाणी पाज. मला नव्हे. तिला. गाडीला ते तिलाच म्हणायचे, म्हणून मायने कॅन देताच मी सगळं ओतलं. त्यांनी स्वतःसाठी पाणी मागितलं नाही, एवढं मी कुठेही शपथेवर सांगेन. मायला हे वाचून दाखव.

रामकिशन

लातूर, १९ मे १९८७

चि. रामकिशन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. ती ओळ तिने मला पुन्हा वाचायला लावली. मला नव्हे, तिला असंच म्हणाले का, असं विचारलं.

मग म्हणाली, त्या दिवशी तिची निर्जळी एकादशी होती. माझ्या लक्षातच नव्हतं रे. सकाळपासून आबा तिच्याशी भांडत होते, एवढ्या उन्हात थेंबही न पिता कशी राहशील म्हणून. तिने ऐकलं नाही. छातीत दुखायला लागलं तरी त्यांचं तेच चाललं होतं. आणि उभ्या जन्मात त्यांनी मायचं नाव घेतलं नाही. गाडीही ती, आणि मायही ती.

माय मोठ्याने रडली नाही. गाडीला न्हाई गं, मला पाज म्हनले, एवढंच दोनदा म्हणाली आणि स्वतः उठून माठातलं पाणी प्याली. आता रोज पिते. डॉक्टरांना समाधान आहे. रेडिएटर दुसऱ्याच दिवशी कोरडा पडला. भामाबाई म्हणतात, व्यंकटराव गेले वाटतं.

पण एक तांब्या ती रोज सकाळी भरून, झाकून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवते. जिथे ती बसली होती तिथे. संध्याकाळी झाडाला घालते, सकाळी पुन्हा भरते. मी म्हटलं, तोही पी. तर म्हणाली, पाज म्हनले व्हते, आन ते रामला म्हनले व्हते. माझी ती एकादशी अजून सुटलेलीच न्हाई.

आता निर्जळी जवळ आली आहे. मुदखेडच्या माणसाला मी सध्या नको म्हणून कळवलं आहे. रस्ता मुरुडचा आठवला तरी बसमधून उतरू नकोस. आबांनी तुला एक काम सांगितलं होतं, ते राहिलं आहे.

वाट बघणारी,
अक्का