खडक लागला, बोअर बंद

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या भूवैज्ञानिकांच्या फील्ड डायऱ्या पुढे काचेच्या कपाटात ठेवतात, तेव्हा अक्षर नीट काढायचं. एम.एस्सी. जिऑलॉजी होऊन दीड वर्ष झालं. आतापर्यंतचा काळ चिंतनाचा होता, आता कृती.

संकल्प : जूनमधली जिऑलॉजिकल सर्व्हेची सरकारी परीक्षा पहिल्या फटक्यात काढायची. रोज पहाटे पाचला उठायचं. एक रिसर्च पेपर. आणि काहीही झालं तरी भाऊजींच्या दुकानात बसायचं नाही.

भाऊजींचं टाइल्स आणि फरशीचं शोरूम आहे. दर भेटीत म्हणतात, तूही दगडवाला, मीही दगडवाला, ये की इकडेच. ताई हसते, आई हसते. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी ९.२०
आत्ता उठलो. पहिल्या दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

१२ फेब्रुवारी
नोकरी लागली. अर्थात तात्पुरती, जूनपर्यंत. पूल, टाक्या, इमारती बांधायच्या आधी जमिनीत बोअर मारून देणारी कंपनी आहे. मशीन खाली जातं, दगडाचे लांब दंडगोल कापून वर आणतं. त्यांना कोअर म्हणायचं. ते लाकडी पेटीत ओळीने लावायचे आणि मी लिहायचं, कितीवर माती, कितीवर मुरूम, कितीवर खडक. या नोंदीला लॉग म्हणायचं. त्यावरून पाया ठरतो. थोडक्यात, सगळं माझ्यावर उभं राहणार.

पद मात्र 'साइट असिस्टंट'. सहा महिने प्रोबेशन, काम आवडलं तर कायम आणि मग 'जिऑलॉजिस्ट'. मॅनेजरला सांगणार होतो की सहा महिन्यांनी मी इथे नसेन. त्याने आधीच फोन उचलला होता.

२० फेब्रुवारी
मशीन चालवणारे मिस्त्री पंचावन्नच्या पुढचे. शाळा चौथीपर्यंत, मशीनवर तीस वर्षं. काळ्या दगडाला काळा म्हणतात आणि उरलेल्या सगळ्यांना पांढरा. आज त्यांना खनिजांच्या कठीणपणाची श्रेणी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला चहा दिला. ज्ञानाची भूक दिसली.

८ मार्च
बॅचच्या ग्रुपवर आज सगळ्यांनी आपापलं सांगितलं. आम्ही अठरा जण. पाच बँकेत. तीन क्लासमध्ये दहावीला भूगोल शिकवतात. दोघं स्पर्धा परीक्षा देतात, म्हणजे काही करत नाहीत. एक इन्शुरन्स विकतो आणि प्रत्येक शुभेच्छेखाली पॉलिसीची लिंक टाकतो. दोघींची लग्नं होऊन त्या परदेशी गेल्या. एक जण सहा वर्षं पीएचडी करतोय, त्याला आम्ही फॉसिल म्हणतो आणि आता तोही सही तशीच करतो. बाकीचे ग्रुप सोडून गेले. जिला आम्ही गारगोटी म्हणायचो ती मुलगी माझ्या नोट्स वाचून पास झाली होती. तीही सर्व्हेच्या परीक्षेला बसतेय म्हणे. बसू दे. अनुभव मिळेल.

दगडाशी इमान राखून असलेला मी एकटाच. हे मी ग्रुपवर लिहिलं. फॉसिलने अंगठा दाखवला, तेवढंच.

२ एप्रिल
अभ्यासाला वेळ मिळत नाही. मिस्त्रींना बोलता बोलता हे म्हणालो. त्यांनी त्याच दिवशी मशीनमागे ताडपत्री बांधून सावली केली, तेलाचे डबे हलवून खुर्ची ठेवली. म्हणाले, तुम्ही वाचत बसा साहेब, पेटी मी लावतो, मीटरचे आकडेही घालतो, तुम्ही फक्त येऊन बघा. आमच्या मशीनवरचा एक तरी माणूस ऑफिसर झालेला मला बघायचाय.

चांगला माणूस आहे. मी ऑफिसर झाल्यावर त्यांच्यासाठी काहीतरी करायचं. (नक्की काय, ते नंतर ठरवू.)

३ एप्रिल
सावलीत झोप चांगली लागते.

१९ मे
परीक्षेला सत्तावीस दिवस. टाइमटेबल केलं, तीन रंगांत. त्यातच दिवस गेला, पण पाया मजबूत झाला.

ताई-भाऊजी घरी आले होते. भाऊजी म्हणाले की त्यांच्या सेल्समनला काळ्या ग्रॅनाइटचे आठ प्रकार तोंडपाठ आहेत. मी सांगितलं की तुमच्या काळ्या ग्रॅनाइटमधलं एकही ग्रॅनाइट नाही, तो वेगळाच खडक आहे. भाऊजी म्हणाले, असेल, पण खपतं. आई म्हणाली, अरे, त्यांचं ऐकून तरी घे. घरात विज्ञानाला जागा उरलेली नाही.

१४ जून, दुपारी ३.३५
घाईत लिहितोय. उद्या सकाळी नऊला पेपर, सेंटर दुसऱ्या शहरात, बस चारची.

पाण्याच्या टाकीच्या साइटवर बोअर नंबर चार. सहा मीटरवर खडक लागला. दीड मीटरचा रन, म्हणजे एका खेपेत कापलेला कोअर, काढला तो अख्खा, एक तडा नाही, काळा, टणटणीत. मिस्त्रींचं मात्र समाधान नाही. म्हणे, बोअरमध्ये सोडलेलं पाणी परत वर यायचं एकदम थांबलंय, खाली मोकळं लागतंय, हा मोठा धोंडा असणार, खडक नव्हे. अजून दोन रन घेऊ या साहेब. म्हणजे तीन तास!

खडक लागल्यावर पाच मीटर आत जाऊन खात्री करायची, हा नियम मला माहीत आहे. व्हायव्हात मलाच विचारला होता आणि धोंड्याने फसवणूक होते हे कारणही मी सांगितलं होतं. पण नियम नवशिक्यांसाठी. सरावलेल्या डोळ्याला कोअर बघताच कळतं. मिस्त्रींना तसं सांगितलं. ते मशीनवर हात ठेवून उभे राहिले, मग म्हणाले, तुमचा पेपर महत्त्वाचा, तुम्ही निघा.

लॉगवर लिहिलं : 'सहा मीटरपासून ताजा, कठीण खडक. पुढे ड्रिलिंगची आवश्यकता नाही.' बोअर बंद केल्याच्या शीटवर सही मिस्त्रींची घेतली. माझ्या खांद्यावर बॅग होती.

१५ जून
परीक्षेला न बसण्याचा निर्णय घेतला.

निर्णय पूर्ण विचारांती. सेंटरचं फाटक नऊला बंद होतं. मी पोचलो ९.०७ला. लॉजवाल्याने उठवलं नाही. फोनचा गजर मी स्वतः बंद केला असं फोन दाखवतो, पण फोनवर किती विसंबायचं? वॉचमनशी वाद घातला नाही, तो आपला दर्जा नव्हे. थोडी विनंती केली. गारगोटी आत खिडकीजवळ बसलेली दिसली. पेन्सिलला टोक करत होती.

फाटकाबाहेर साडेबारापर्यंत बसलो. आईचा फोन आला. म्हटलं, पेपर सोपा होता. बाहेर येणारे सगळे तसंच म्हणत होते.

पुढच्या वर्षी तयारी अधिक पक्की असेल.

१६ जून
मिस्त्रींनी पहिलंच विचारलं, कसा गेला? म्हटलं, मस्त. त्यांनी माझ्या खुर्चीवरची धूळ पुसली.

११ जुलै
किरकोळ तांत्रिक प्रश्न उपस्थित झाला आहे. टाकीचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरचं म्हणणं, बोअर तीनमध्ये खडक सोळा मीटरवर, पाचमध्येही सोळावर, मग मधल्या चारमध्ये सहावर कसा? मी फोनवर म्हणालो की निसर्ग कधी कधी अशा गमती करतो. तो म्हणाला, करत असेल, शेजारी एक बोअर पुन्हा मारा.

१५ जुलै
मारला. सहावर धोंडा. साडेसातला संपला. खाली सोळा मीटरपर्यंत वाळू आणि गोटे.

माझं वर्णन शब्दशः चूक नव्हतं. धोंडा ताजाही होता आणि कठीणही.

१६ जुलै
सहा मीटर धरून पायाचं खोदकाम चालू झालं होतं, ते थांबवलं. मॅनेजरने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शीट टेबलावर टाकली आणि विचारलं, बोअर कोणी बंद केला?

मी म्हणालो, त्या दिवशी माझी परीक्षा होती सर, मी चारच्या बसने गेलो. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मॅनेजरने मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी माझ्याकडे. मी शीटकडे बघत होतो, तिच्यावर सही मिस्त्रींची होती.

मिस्त्री म्हणाले, मीच बंद केला. साहेब नव्हते. लॉगही त्यांनी नंतर मी सांगितलं तसा लिहिला.

बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, तुमचं अजून कायम व्हायचंय साहेब, आत्ताच डाग नको. मला काय, तीस वर्षांचा हात आहे, कोणतंही मशीन मिळेल. आणि तुमचा रिझल्ट लागला की तुम्ही इथे थोडेच राहणार?

१७ जुलै
मिस्त्रींना काढलं.

संकल्प : मॅनेजरला सगळं खरं लेखी कळवायचं. उद्याच.

१८ जुलै
पत्राचा मसुदा सुरू. विषय : 'बोअर क्र. ४ बाबत वस्तुस्थिती'. विषय चांगला जमला.

२२ जुलै
मसुदा वाचला. 'माझ्या सांगण्यावरून' हे शब्द जरा भडक वाटतात. 'परिस्थितीजन्य' हा शब्द कुठे बसतो ते बघायला हवं.

२९ जुलै
पत्र इंग्रजीत असलेलं बरं.

४ ऑगस्ट
प्रोबेशन १२ तारखेला संपतंय. आत्ता पत्र दिलं तर माझ्यावर दबाव आहे असं वाटेल. कायम झाल्यावर दिलं तर त्याला वजन येईल, कायम माणसाच्या शब्दाला किंमत असते. म्हणजे थांबण्यात मिस्त्रींचाच फायदा आहे.

९ ऑगस्ट
सर्व्हेचा निकाल लागला. माझं नाव नाही, हे अपेक्षितच. गारगोटी तिसरी. ग्रुपवर पंधरा अभिनंदनं, त्यात मी दोनदा केलं. आईला सांगितलं, थोडक्यात हुकलं. कितीने, म्हणाली. म्हटलं, सातने. आई म्हणाली, जाऊ दे रे, सातच तर. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी लावत राहिली, लावलेलीच.

१३ ऑगस्ट
कायम झालो! पद : जिऑलॉजिस्ट. टेबल, ड्रॉवर आणि नावाचा रबरी शिक्का. मॅनेजर म्हणाला, त्या टाकीच्या भानगडीत तुम्ही साइटवर नव्हतात हे बरं झालं, नाहीतर आज तुमच्याबद्दल विचार करावा लागला असता.

घरी भाऊजींनी उठून हात मिळवला. पहिल्यांदाच. म्हणाले, शेवटी झालास हं तू. ताईने सासरी फोन करून सांगितलं. आई शिक्का उलटा धरून अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होती.

पत्र या आठवड्यात नक्की.

३० ऑगस्ट
काम आता ऑफिसातच. साइटवरून येतात ते लॉग टाइप करायचे. कायम झाल्यापासून एकही दगड हातात घेतलेला नाही. नवीन ड्रिलर पोरगेला आहे, पाच मीटर म्हटलं की पाच मीटर करतो, काही विचारत नाही. मला आवाज ऐकू येत नाही, पाणी दिसत नाही. त्यातून वेळ वाचतो.

पत्र : गेलेला माणूस कुठेतरी स्थिरावला असेल. जुनी गोष्ट उकरून त्यालाच त्रास.

१८ सप्टेंबर
मिस्त्री ऑफिसात आले होते.

आधी ओळखलंच नाही. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मी त्यांना कायम ग्रीसच्या कपड्यांतच बघितलेलं. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत. दोन महिने काम नाही. चार कंपन्यांत जाऊन आले, पण या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. धोंड्याला खडक समजून बोअर बंद करणारा मिस्त्री, असं नाव झालंय म्हणाले. सांगताना हसले. तीस वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो साहेब, आणि त्या दिवशीही नव्हतो, हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक.

एक पत्र हवं होतं. जास्त काही नको, माणूस कामाला चांगला आहे, दगडाची पारख आहे, एवढ्या दोन ओळी. कोणा साध्या माणसाने लिहून भागत नाही, खाली जिऑलॉजिस्टचा शिक्का लागतो.

शिक्का समोरच होता. केबिनच्या काचेतून मॅनेजर दिसत होता, तो फोनवर होता. मी म्हणालो, आता सगळं हेड ऑफिसमार्फत जातं मिस्त्री, मी बोलतो, तुम्हाला कळवतो. ते लगेच म्हणाले, हो हो, तुमच्या सवडीने. माझ्यासाठी अडचणीत येऊ नका.

मग निघता निघता दारात थांबले आणि विचारलं, साहेब, त्या परीक्षेचं काय झालं? रिझल्ट लागला असेल ना?

मी म्हणालो, पास झालो.

मिस्त्री परत आत आले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, बस्स, मग काही वाया गेलं नाही. घरी गेल्या गेल्या बायकोला सांगतो. रोज भांडते, की कोणासाठी घालवलीत नोकरी. आज तिला तोंड वर करून सांगेन.

मी बसा म्हणालो नाही. चहासुद्धा विचारला नाही, हे ते गेल्यावर लक्षात आलं.

मला लाज वाटते आहे. तीन लॉग टाइप केले, डबा खाल्ला, तरी वाटतेच आहे.