एकट्या इंजिनाचा मागचा दिवा

शनिवार पेठ, पुणे ३०
१५ जानेवारी २०२६

चि. सृष्टी,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा होता तिथेच आहे आणि दुखतोही तसाच. आईचा रक्तदाब गोळीच्या ताब्यात आणि मी आईच्या. फोन केला की तू "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस. इकडे आई मागे उभी राहून मला खुणा करते. अशाने धड बोलणं होत नाही, म्हणून कागद घेतला. पोस्टावर न सोडता मैनुद्दीनच्या अलिझाकडे देतोय, तिची कंपनीची बस तुझ्याच बाजूला जाते. पाकिटावर पत्ता नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्याचं कारण पुढे येईल.

येत्या रविवारी आमच्या मंडळाचं मॉडेल्सचं प्रदर्शन आहे. यंदाचा विषय दिवे. जुन्या वाफेच्या इंजिनांवर होते तसेच, आणि पेटणारे. नुसते रंगवून भागणार नाही. हे ऐकल्याबरोबर निम्म्या मंडळींनी इंटरनेटवरून पांढरेफटक दिवे मागवले. इंजिनावर बसवल्यावर ते दवाखान्याच्या पाटीसारखे दिसतात. रॉकेलच्या दिव्याचा उजेड पांढरा असतो असं यांना कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. नोकरीच्या सुरुवातीला कुर्डुवाडीकडच्या छोट्या लाइनवर होतो तेव्हा मी तो रोज बघितलाय. लांबून दिसायचा तेव्हा दिवा आहे की चांदणी, तेच कळायचं नाही. जवळ आला तरी डोळ्यांवर यायचा नाही, तुपासारखा पिवळा आणि मऊ.

म्हणून मी सगळं हाताने केलं. पितळी नळीचा डबा, वर धुराला टोपण, आत तांदळाच्या दाण्याएवढा बल्ब. त्या बल्बला पिवळ्या वॉर्निशचे हात देत देत रंग आणला. एक हात जास्त झाला की कावीळ झाल्यासारखा दिसतो, मग पुसा आणि पहिल्यापासून सुरू. भिंग मैनुद्दीनने त्याच्या चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रावर घासून दिलं. घासताना म्हणाला, "मास्तर, तुमच्या इंजिनाला दिसायला लागलं, आता माझ्या गिऱ्हाइकांचं बघू का?" पण पुढचा दिवा असा झालाय की खुर्ची ओढून बघत बसावं.

आता अडचणीचं सांगतो. इंजिन झालं, पण त्याच्यामागे डबे नाहीत.

डबे शुभंकर करत होता, जावयाचा वाटा म्हणून. त्या अर्धवट डब्यांचं खोकं दसऱ्याच्या सुमारास आपल्या घरी आलं. तो स्वतः घेऊन आला होता, आत कागद भरून, एकही खिडकी मोडू न देता. तुझी आई भजनाला गेली होती. "बाबा, आता माझ्याकडून पुरे होणार नाहीत," एवढं म्हणाला. मी चहा टाकला. आम्ही दोघांनी चहा प्यायला, मग शुभंकर वाकून नमस्कार करून गेला. मी त्याला काही विचारलं नाही. खोकं माळ्यावर टाकलं आणि आईला सांगितलं की जुनी वर्तमानपत्रं आहेत.

त्याच आठवड्यात आई जिन्यात वरच्या मजल्यावरच्या सुंदराबाईंना सांगत होती, की सृष्टी आणि जावई कंपनीच्या कामाने जर्मनीला गेलेत. स्टेशनात असताना, गाडी रद्द झाल्याचं कळलेलं असूनही "थोड्याच वेळात येईल" म्हणायची पाळी माझ्यावर आलेली आहे. आईचा आवाज अगदी तसा येत होता.

तेव्हा मला माहीत आहे, बाळा. दसऱ्यापासून माहीत आहे. वर 'सौ.' लिहिलं नाही ते विसरून नव्हे.

आईने तुला सांगितलं असेल की बाबांना कळलं तर त्यांना सोसणार नाही. मला न सोसण्यासारखं काय वाटलं ते सांगू? माझी मुलगी हिंजवडीत राहते, पाकिटावर लिहायला तिचा पत्ता माझ्याकडे नाही आणि तिला शनिवार पेठेत यायची चोरी आहे, हे. सोसायटीतले लोक विचारायचे, "जर्मनीत थंडी फार का हो?" मी म्हणायचो, "आहे बरीच." पुढे पुढे तर मोबाईलवर तिथलं तापमान बघून ठेवायला लागलो, म्हणजे आई खोटी पडू नये. कन्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आणि बाप फ्रँकफुर्टचं हवामान वाचतोय! हसायला येतं ना? मला तेव्हा आलं नाही.

आणि दिवाळीत तू फराळाचा डबा न्यायला आलीस. अंधार पडल्यावर, तोंडाला स्कार्फ बांधून. आईने जिन्यातला दिवा मुद्दाम बंद करून ठेवला होता. मी मैनुद्दीनकडून परत येत होतो. मधल्या वळणावर कुणीतरी उतरताना दिसलं, म्हणून भिंतीला टेकून वाट दिली. पाऊल ऐकलं आणि ओळखलं. शाळेत असल्यापासून शेवटच्या दोन पायऱ्या तू उडी मारून उतरतेस, त्या दिवशीही उतरलीस. त्या अंधारात बाजूला झालेला माणूस मी होतो. तू मला ओळखलंस की नाही, माहीत नाही. हाक मारली असती तर आपण तिघंही उघडे पडलो असतो, म्हणून गप्प राहिलो. वर येऊन चकली खाल्ली आणि आईला म्हटलं, छान झालीये.

असो. इंजिनाचं सांगत होतो.

डबे नाहीत तर नाहीत, इंजिन एकटंच न्यायचं असं ठरवलं. गेल्या आठवड्यात मैनुद्दीन आला. टेबलाभोवती फिरून मागे जाऊन उभा राहिला.

"मास्तर, नोकरी रेल्वेतच केलीत ना?"

"का रे?"

"इंजिन मागून काळोखात चाललंय. लाल दिवा कुठाय?"

मी कपाळावर हात मारला. डबे असते तर लाल दिवा शेवटच्या डब्याला लागला असता. माझ्या डोक्यात ते डबे अजून जोडलेलेच होते, म्हणून टेंडरच्या, म्हणजे मागच्या कोळशा-पाण्याच्या पेटीच्या, पाठीला मी काहीच लावलं नव्हतं. शेवटी लाल दिवा दिसला की स्टेशनमास्तरला कळतं की गाडी सगळी आली, मागे काही तुटून राहिलेलं नाही. इंजिन एकटं धावत असेल तर तो दिवा त्याच्याच पाठीला लावतात. जन्मभर तो दिवा बघून मी गाड्या पुऱ्या आल्याची नोंद केली आणि घरच्या इंजिनाला विसरलो. मैनुद्दीन हे आता मला मरेपर्यंत ऐकवणार.

तो गेल्यावर आई आली. कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघत राहिली.

"अहो, हे असं एकटंच नेणार? लोक विचारतील ना, डबे कुठे म्हणून."

मी म्हटलं, "विचारू देत. गाडी म्हणजे इंजिन, त्याला डबे जोडलेले असोत वा नसोत. आमच्या नियमात असंच आहे. एकट्या इंजिनालाही सिग्नल पडतो, फाटक बंद होतं, आम्ही बावटा घेऊन बाहेर उभे राहायचो. कुणी त्याला अर्धी गाडी म्हणत नाही."

लसूण सोलायला घेतला होता तो तसाच टाकून आत गेली. जरा वेळाने परत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

मी माळ्याकडे बोट केलं. "जुनी वर्तमानपत्रं आली तेव्हापासून."

मग ती रडली. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. तिला तुझी लाज वाटत नव्हती गं, तिला लोकांची भीती वाटत होती. तुला कुणी काही बोललेलं तिला ऐकवणार नाही, म्हणून तिने तुला सरळ देशाबाहेर काढलं. रागावू नकोस तिच्यावर. मी रागावून झालोय, माझ्यावरही.

लाल काचेचं काही जमत नव्हतं. बाजारातलं लाल प्लॅस्टिक गुलाबी दिसतं, खेळण्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बांगडीचा एक तुकडा ठेवलेला होता. आईची ती गडद लाल बांगडी, तुझ्या लग्नात भरलेली, नंतर वाढली तरी तिने तुकडे डब्यात जपून ठेवले होते. मैनुद्दीनने तो घासून वाटाण्याच्या डाळीएवढा केला. मागे बल्ब धरून बघितला. हाच तो लाल, सृष्टी.

काल सुंदराबाई वाण म्हणून तीळ-हलवा घेऊन आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "जर्मनीची मंडळी कधी येणार?" मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "सृष्टी जर्मनीत नाही. हिंजवडीत आहे. घटस्फोट झालाय, नोकरी चांगली चाललीये, एकटी राहते." एका दमात. हातातला हलवा तिने एवढा घट्ट धरला होता की त्याचे काटे मोडले.

सुंदराबाई म्हणाल्या, "मला वाटलंच. वाढदिवसाला तिने तुम्हाला कात्रजचं श्रीखंड पाठवलं होतं. जर्मनीत ते मिळतं, हे मला नवीनच होतं." मग चहा घेतला आणि म्हणाल्या, "आली की वर पाठवा. तिच्या हातून माझा मोबाईल दुरुस्त करून घ्यायचाय."

एवढंच झालं. याच्यासाठी इतके दिवस आपण अंधारात जिने उतरलो.

आता माझं काम. मागचा दिवा जागेवर बसलाय, तार टेंडरखालून नेलीये, पण तिला कथलाचा शेवटचा डाग देऊन ती जोडलेली नाही. आपल्या घरी दिवा पहिल्यांदा कोण लावतं ते मी सांगायला नको. तू दुसरीत होतीस तेव्हापासून ते काम तुझं आहे. मैनुद्दीन तारेकडे बघून हात शिवशिवतायत म्हणतो, त्याला मी टेबलाजवळ येऊ देत नाही. शनिवारी ये. तिळगूळ अलिझाबरोबर पाठवलेला नाही, तो घरी येऊनच घ्यायचा असतो. रविवारी इंजिन हातात धरून तू माझ्याबरोबर प्रदर्शनाला चल. डबे कुठे असं कुणी विचारलं तर उत्तर मी देईन. तुला वाटलं तर तू दे.

तू नसताना घर फार गप्प असतं. मला तुझी आठवण येते. फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून कागदाला एवढा त्रास दिला.

मागचा दिवा विझलेला ठेवून वाट बघणारा,
तुझा
बाबा

ता. क. आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिला एक ओळ लिहायची आहे, पेन देतो.

सृष्टी, शनिवारी अंधार पडल्यावर आलीस तरी चालेल. जिन्यातला दिवा लावून मी खाली उभी असेन. तोंडाला काही बांधू नकोस. — आई