केस पूर्ववत करून यावे

वायरी, ता. मालवण
ता. १० मे १९६४

ती. रुक्मिणीआतेस,
जानकीचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकत नाही. काल दिवसभर अंगणात सुकट पसरून कावळे हाकत बसली होती. बाबांचा मचवा परवा देवगडहून आला, आता पावसापुरता तो वर ओढतील. फणस यंदा चांगले धरलेत. तुमची तब्येत कशी आहे? हॉस्पिटलात रात्रपाळी अजून असते का? तुमचा पत्ता काशीकाकीने दिला, आणि दिल्याचं घरी सांगू नको म्हणाली.

तीन वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. ते पुढे लिहीन. आधी मला माझा राग लिहू द्या, कारण तो घरात कोणापुढे काढता येत नाही.

गेल्या वर्षी मी बी. ए. झाले. इतिहास घेऊन, दुसऱ्या वर्गात. जूनपासून इथून आठ मैलांवर मुलींचं हायस्कूल निघतंय, तिथे एप्रिलमध्ये मी मुलाखतीला गेले. आपल्या बाजूच्या मुलींना सातवीनंतर घरी बसावं लागतं, त्यांच्यासाठीची ही पहिलीच शाळा, म्हणून मला ती नोकरी हवी होती. अजून हवी आहे. पहाटे उठून मी केसांना खोबरेल चोपडलं, आईने दोन्ही हातांनी ओढून वेणी घातली, वर अकरा आकडे लावले. एस. टी.च्या खिडकीशी अर्धा तास बसल्यावर त्याचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

समितीत चौघे होते. मी प्रश्नांची उत्तरं देत होते आणि चौघेही माझ्या कपाळाच्या वर बघत होते. शेवटी चिटणीस म्हणाले, "बाई, हे कुठं करून घेतलंत? कोल्हापुरात?"

मला कळेना. "काय करून घेतलं?"

"हे केस. हल्ली सिनेमातल्या बायका कुरळे करून घेतात ना, मशीनवर."

"हे असेच आहेत."

"असेच कोणाचे असतात?" ते हसले. शेजारचे गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "आम्हाला मुली शिकवायच्यात. नटवी मास्तरीण नको."

आते, शाळेत मुलं मला 'काथ्या' म्हणायची. नारळ सोलला की कोणीतरी सोडण माझ्या डोक्याला लावून बघायचं. वीस वर्षं मी ऐकत आले की हे केस म्हणजे घाण, आळस, न विंचरलेलं डोकं. आणि आता एका दिवसात त्याच केसांची फॅशन झाली. तेव्हाही दोष माझा आणि आताही माझाच. तेल लावून, बांधून, आवळून मी ह्यांच्यापुढे उभी राहिले, आणि मी नटून आले असं ह्यांना वाटलं.

आठवड्याने त्यांनी बाबांना बोलावलं. मीही बरोबर होते. चिटणीसांनी मचव्यावरच्या हुद्द्याने हाक मारून विचारलं, "तांडेल, खरं सांगा. तुमच्या घरात कोणाचे असे केस आहेत?"

बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. जमिनीकडे बघून म्हणाले, "नाय साहेब. आमच्या घरात असले केस कोणाचेच नाय."

त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी उभी होते, आणि गप्प राहिले.

मग संस्थेचं पत्र आलं. 'उमेदवाराने केस पूर्ववत करून ता. २० रोजी समितीपुढे यावे, म्हणजे नेमणुकीचा विचार करता येईल.' पूर्ववत. हा शब्द मी इतक्या वेळा वाचला की त्याचा अर्थच निघून गेला. मी जन्मले तेव्हा सुइणीने आईला म्हटलं होतं, पोरीच्या डोक्यावर लोकर आहे. त्याच्या पूर्वीचं मी काय करून आणू?

तरी मी गेले, आते. हे लिहायला लाज वाटते, पण गेले. सावंतवाडीला तळ्याच्या मागच्या गल्लीत एक ख्रिस्ती बाई घरातल्या घरात बायकांचे केस कापतात, तापवलेल्या चिमट्याने सरळही करून देतात, असं ऐकलं होतं. आंतोनेतबाई त्यांचं नाव. दारावर छोटी पाटी आहे. त्या पाटीवरून मी तीनदा पुढे गेले. समोर लाकडी खेळण्यांचं दुकान आहे, तिथे उभी राहून लाकडी केळी आणि सीताफळं बघत राहिले. दुकानदाराने विचारलं, मूल केवढं आहे तुमचं? मी म्हटलं, चार वर्षांचं. इतकी मी घाबरले होते की नसलेल्या मुलाचं वय सांगून बसले.

भीती कसली, ते दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. मी आजवर आईखेरीज कोणासमोर वेणी सोडलेली नाही. विहिरीमागे न्हाते, तिथेच वाळवते, बांधूनच पुढच्या दारी येते. इथे आत बायका बसलेल्या असतील, वेणी सोडल्यावर ते सगळं खांद्यावर फुगून येईल, बाई फणी घालतील आणि तिचे दात मोडतील. मग त्या म्हणतील, शेवटचं कधी विंचरलं होतंस? ह्या एका प्रश्नाला मी बी. ए.च्या परीक्षेपेक्षा जास्त भिते.

चौथ्या खेपेला आतून आवाज आला, "भितर ये गो. भायर उभी रवान केस सरळ जावचे नाय."

आत दोघी बसल्या होत्या. मी खुर्चीवर बसले, आकडे एकेक काढले, वेणी सोडली. दोघींपैकी एक म्हणाली, "अगे बाय माझे." आंतोनेतबाईंनी फणी घेतलीच नाही. बोटं पाण्यात बुडवून खालच्या टोकापासून हळूहळू गुंता सोडवत वर आल्या. कसलीच ओढ लागली नाही. मला रडू येत होतं, ते मी समितीचं पत्र पुढे करून लपवलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "पूर्ववत म्हणजे काय गो?"

"आधी होते तसे."

"आधी कशे होते?"

"असेच."

त्या इतक्या हसल्या की खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. "मुंबयच्यो बायलो ह्येच्यासाठी तीन तीन तास मशीनीखाली बसतत, आणि तू हे काढूक इलंस? चिमट्यान सरळ करीन मी. पण घाम इलो काय परत जागेर. रोज इतलंस वाडीक?" मग म्हणाल्या, "आवशीचे असे आसत?"

"नाय."

"बापाशीचे?"

"नाय."

"मगे कोणाचे? कोणाचे तरी असतले."

त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, "आतेचे."

"मगे तिका घेवन ये, नि उभी कर त्या कमिटीसमोर." लगेच पुढे म्हणाल्या, "नायतर मी चिठ्ठी लिवन दितंय, केस जल्माचे म्हणान." बाई खरंच चिठ्ठी द्यायला तयार होत्या. माझ्याकडे पदवीचा दाखला आहे, वर्तणुकीचा आहे, जन्माचा आहे. आता डोक्याचा दाखला घेऊन मी त्या चौघांपुढे जायचं. मी चिठ्ठी घेतली नाही. चिमटाही लावू दिला नाही. त्यांनी दोन सैल पेड घालून दिले आणि मी तशीच एस. टी.त बसले.

तीन वर्षं न लिहिण्याचं कारण आता लिहिते.

सावंतवाडीहून परतताना मी बाबांवर चिडले होते. बहिणीला, म्हणजे तुम्हाला, सासरच्यांनी केस अवलक्षणी म्हणून आचऱ्याहून परत पाठवलं, ह्यांनी दार उघडलं नाही, आणि आता भर समितीत ती नव्हतीच म्हणून सांगतात. कट्टा गाव येईपर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडत होते. मग माझ्या लक्षात आलं की ते वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. माझ्याच तोंडून.

कोल्हापुरात, वसतिगृहाच्या फाटकाशी. तुम्ही रात्रभर प्रवास करून आला होता, डोक्यावरचा पदर घसरला होता आणि केस सगळे सुटले होते. कुसुमने विचारलं, "जानकी, ह्या तुझ्या कोण? केस अगदी तुझ्यासारखे." मी म्हटलं, "आमच्या गावची बाई आहे. आईने सामान पाठवलंय." तुम्ही ऐकलंत. पिशवी माझ्या हातात दिलीत आणि कुसुमकडे बघून म्हणालात, "होय गो. गावचीच." पाणीसुद्धा न घेता परत फिरलात. पिशवीत तुम्ही स्वतः शिवलेलं पोलकं होतं. मी ते अजून घातलेलं नाही.

त्या चौघांवरचा राग उतरलेला नाही, उतरूही नये. पण त्यांना माझ्या घरात असे केस सापडले नाहीत, ते बाबांनी आणि मी मिळून झाकले म्हणून.

ता. २० ला मी हे केस आहेत तसे घेऊन जाणार. त्यांनी विचारलं, कोणाचे, तर मला तुमचं नाव घ्यायचं आहे. पूर्ण नाव, बाबांच्या देखत. बाबांना मी आज सकाळी तसं सांगितलं. ते ऐकून मचव्याकडे निघून गेले. पण नाव तुमचं आहे, आणि ते मी एकदा टाकून दिलेलं आहे. त्यामुळे तुम्हाला न विचारता उचलणार नाही. तुम्ही 'नको' लिहिलंत तर घेणार नाही, आणि मग ती नोकरीही घेणार नाही, कारण दुसरं खरं उत्तर माझ्यापाशी नाही. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवा. काशीकाकीच्या नको.

खाली सही करताना नात्याचा शब्द लिहायला हात उचलत नाही. जागा मोकळी ठेवते. तुम्हाला योग्य वाटेल तो शब्द तुमच्या उत्तरात तुम्ही घाला.

............
जानकी गंगाराम मयेकर