बंद गॅरेजची फाइल

मॅडावास्का, मेन
१४ नोव्हेंबर

प्रिय जिस्लेन,

तू आणि मुलं मजेत असाल. तिकडे कनेक्टिकटला अजून बर्फ नसेल. इथे नदीच्या काठाला पातळ साय धरायला लागली आहे. परवा तुझ्या आईच्या थडग्यावर जाऊन आले, साचलेली पानं काढली. बकव्हीटचं पीठ वेगळं पाठवलंय. मुलांना प्लोयची धिरडी करून घाल. तव्यावर उलटू मात्र नकोस, नाहीतर तुझी आई वरून ओरडेल.

बाबांची तब्येत ठीक आहे. म्हणजे खातात, चालतात, रोज सकाळी टाय बांधून ऑफिसात जातात.

मी गॅरेज बंद केलं, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. का केलं, ते मात्र धड कुणी सांगितलं नसेल.

तुझा रोझेरकाका गेल्यापासून गॅरेजचे हिशेब मी कॉम्प्युटरवर लिहायचे आणि तुझे बाबा ते तपासायचे. हिवाळा सरता सरता मी त्यांना फाइल पाठवायची. ती त्यांच्याकडे असेपर्यंत मागच्या वर्षाला हात लावायचा नाही, रोजचं नवं तेवढं लिहीत राहायचं. मग त्यांच्या दुरुस्त्या यायच्या, त्या माझ्या फाइलीत मिसळायच्या. सोबत चिठ्ठी: "ओदील, ट्रकचं पेट्रोल पुन्हा किराण्यात टाकलंस. ट्रक जेवतो का तुझ्याकडे?"

यंदा मार्चमध्ये त्यांच्याकडून आलेली फाइल उघडली, तर वर रेआल वेलेटच्या बटाट्याच्या गोदामाचं नाव. मी झटकन बंद केली आणि फोन लावला.

"लुसियन, मला रेआलची फाइल आलीय."

"शक्यच नाही. तुझी तुलाच पाठवली."

"मग माझी कुठेय?"

पलीकडून घाईघाईने बटणं दाबल्याचा आवाज आला.

माझी रेआलकडे गेली होती, आणि त्याने ती बंद केली नाही. गॅरेज विकायचं मी मनाशी ठरवलं होतं. गिऱ्हाईकाने दिलेला विसार त्यात लिहिलेला होता. माझ्या दोन्ही मेकॅनिकांना मी अजून काही बोलले नव्हते. रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर तोच विषय. माझा मेकॅनिक नॉर्माँ समोर येऊन उभा राहिला. "ओदीलताई, आम्हाला कधी सांगणार होतीस? कुलूप लावल्यावर?" दोघंही कागदाच्या गिरणीत लागले. मेकॅनिक नसलेलं गॅरेज कोण घेणार? गिऱ्हाईक विसार घेऊन गेलं.

मग रेआल गावभर सांगत सुटला, की लुसियन एकाच्या फाइली दुसऱ्याला वाटतो. लोकांनी आपापली खाती काढून घेतली. तुझे बाबा प्रत्येकाची फाइल स्वतः परत करत होते, आणि दर वेळी मला बोलावून घ्यायचे. "बघ गं, ही बरोबर माणसालाच जातेय ना?" मी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचे, तेव्हा कुठे ते बटण दाबायचे.

मी त्यांना फोर्ट केंटला डॉक्टरांकडे नेलं. आजाराचं नाव तुला सांगायला नको, ते तू दोन वर्षांपूर्वीच त्यांना सुनावलं होतंस. येताना गाडीत म्हणाले, "जिस्लेनला कळवायचं नाही. ऑफिस बंद करा म्हणाली म्हणून मी तिला दारातून परत पाठवली. आता कुठल्या तोंडाने?" मी शब्द दिला.

ऑगस्टमध्ये त्यांनी विचारलं, "ओदील, तुझी फाइल कशी आली नाही?" गॅरेज बंद झालंय, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. प्रत्येक वेळी त्यांना तो धक्का नव्याने बसायचा. त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही. घरी जाऊन एका जुन्या वर्षाची, चुका तशाच असलेली फाइल पाठवून दिली. त्यांनी ती तपासली, परत केली, वर मला रागावले. इतके खूश होते! पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच पाठवली. मग पुन्हा. जिस्लेन, उन्हाळ्यापासून आम्ही दोघं त्याच एका वर्षात राहतोय. आधी त्यांना सगळ्या चुका सापडायच्या. आता काही सापडतात, आणि जिथे चूक नाही तिथेही ते काहीतरी करून ठेवतात.

मंगळवारी फाइल आली, ती हात न लावता. चिठ्ठीत एवढंच: "हे गॅरेज बंद आहे. हे मी आधीही केलंय. किती वेळा, ते सांगू नकोस."

मी कोट न घालताच धावले. खुर्चीत टाय बांधून बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "तू भली आहेस. पण हे फार वाईट केलंस." तिन्हीसांजेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. दिवासुद्धा कुणी लावला नाही.

बुधवारी सकाळी त्यांचा फोन. आवाज अगदी ताजातवाना. "ओदील, वर्ष संपत आलं की! तुझी फाइल कशी आली नाही?"

मी पाठवली.

आणि मग हा कागद घेतला. मला हे एकटीला झेपत नाही गं. निघ. आधी फोन करू नकोस, फोनवर ते ठीकच असतात.

त्यांना दिलेला शब्द मोडणारी,
तुझी ओदील मावशी